आप्पांना पाठवलेली कॅसेट

मी जॉर्डनला निघालो तेव्हा आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला एकच प्रश्न विचारला. चिंचवड स्टेशनच्या फलाटावर बायको रडत होती, तिला बघून तिच्या कडेवरची मुलगी रडत होती, आणि आप्पा माझ्या पत्र्याच्या ट्रंकेवर बसून विडी ओढत होते. सिग्नल पडला तसे ते उठले, विडी पायाखाली विझवली आणि म्हणाले, "थितं दगूड कसला हाय?"

मला रागच आला. कंपनीच्या टाळेबंदीत नोकरी गेलेला मुलगा दोन वर्षांसाठी समुद्रापलीकडे निघालाय, आणि बापाला पडलंय दगडाचं! मी म्हणालो, "वाळवंट आहे आप्पा ते. दगड कुठला? नुसती वाळू."

"वाळू बी दगडाचीच असती की," ते म्हणाले. तेवढ्यात गाडी आली आणि बोलणं तिथेच राहिलं. त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं ते शेवटचं वाक्य.

आप्पा पाथरवट होते. बासष्टच्या सुमारास पिंपरी-चिंचवडला कंपन्या उभ्या राहू लागल्या, तेव्हा ते आम्हाला घेऊन माण तालुक्यातून इकडे आले. पायाला दगड लागेल, भिंतींना दगड लागेल, हाताला काम मिळेल असा त्यांचा हिशोब. कंपन्यांच्या भिंती निघाल्या विटांच्या आणि छपरं पत्र्याची. मग आप्पा पाटे-वरवंटे घडवायला लागले आणि उरलेल्या वेळात दारोदार टाकी लावत फिरायला लागले. पाटा वापरून वापरून गुळगुळीत होतो, मिरची नुसती घसरते आणि चटणी वाटली जात नाही. अशा वेळी छिन्नीने त्यावर बारीक बारीक खाचा पाडून द्यायच्या, ते टाकी लावणं. आप्पांच्या खाचा तिरप्या असत. पाट्याच्या डोक्यापासून पायापर्यंत, एकामागे एक, तिरप्या ओळी. इतर टाकीवाले नुसतेच ठोके मारत. आप्पा म्हणायचे, "तिरपी मारली की दगूड दुखत न्हाई."

त्यांचा एक जोडीदार होता, त्यांच्याच वयाचा आणि त्यांच्याच धंद्यातला. तो चाकणच्या रस्त्याला एका खाणीजवळ छपरी घालून बसायचा. दगड निवडायला आप्पा त्याच्याकडे जात, आणि दोघं एकेक दगड हातोडीने वाजवून बघत आणि कान लावून ऐकत. मी त्याला काका म्हणायचो. लहानपणी मीही त्या दगडांना कान लावला होता, पण मला कधी काही ऐकू आलं नाही.

मी आयटीआय केलं, टर्नर झालो आणि एका मोठ्या कंपनीत लागलो. टर्नर म्हणजे एक थाऊसुद्धा इकडेतिकडे न होऊ देणारा माणूस. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. निळी डांगरी घालून, मायक्रोमीटर हातात घेऊन उभा राहिलो की मला वाटे, आपण दगडाच्या पिढीतून लोखंडाच्या पिढीत आलो. लग्न झालं आणि संत तुकाराम नगरात दोन खोल्या मिळाल्या. आप्पांना म्हटलं, इकडे राहायला या. ते म्हणाले, "जिना चढून आलेला दगूड पायजे तसा बोलत न्हाई." ते चिंचवड गावात नदीच्या बाजूला एका खोलीत एकटेच राहिले. आई आधीच गेली होती. बायको एक दिवसाआड त्यांना डबा पोचवायची.

आता जे सांगायचं आहे ते मला लिहायला नको वाटतं, पण त्याशिवाय पुढचं काहीच कळणार नाही.

त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरची गोष्ट असेल. एका रविवारी आमचे सुपरवायझर साहेब बायकोसह घरी चहाला आले होते. मला बढती देऊन चार्जहँड, म्हणजे आमच्या टोळीचा मुकादम, करायचं त्यांच्या मनात होतं, निदान मला तरी तसं वाटत होतं. घरात नव्या कपबश्या काढलेल्या, मी इस्त्रीचा शर्ट घातलेला. तेवढ्यात खालून हाक आली, "टाकीऽऽ! पाट्याला टाकीऽऽ!" तो आवाज मी हजारात ओळखला असता. आमच्या बिल्डिंगीखाली आप्पा कधी आरोळी देत नसत. त्या दिवशी बहुधा रस्ता चुकले, किंवा मुद्दाम आले असतील, मुलाच्या गल्लीत आपल्यालाही चार पाटे मिळतील म्हणून. साहेबांच्या बाई म्हणाल्या, "बरं झालं बाई, बोलवा त्याला. आमच्याकडेही पाठवता येईल."

मी गॅलरीत गेलो. आप्पा खाली उभे, खांद्याला गोणपाटाची पिशवी, मान वर. मला बघून हसायला लागले होते. मी म्हणालो, "ओ टाकीवाले, इथे नको. पुढच्या बिल्डिंगीला जा."

त्यांचं हसू लगेच गेलं नाही. थोडा वेळ तसंच राहिलं. मग ते म्हणाले, "बरं, साहेब," आणि पिशवी सावरून पुढे गेले.

आत आलो तर बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती मला काही बोलली नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. चार्जहँड मी झालोच नाही, ते जाऊ दे. आप्पा पुढेही दसऱ्याला आले, दिवाळीला आले, मुलीच्या बारशाला आले, पण पिशवी घेऊन कधी आले नाहीत. आणि त्यांनी तो विषय कधी काढला नाही. मला रोज वाटे, आज जाऊन पाय धरावेत. पण बापाचे पाय धरायला जायचं तर आधी ते का धरतोय हे सांगावं लागतं. सात वर्षं मी ते उद्यावर टाकलं. जनाची नाही तर मनाची तरी, असं म्हणतात. माझ्याकडे मनाची होती, पण तिचा काही उपयोग नव्हता.

जॉर्डनमध्ये समुद्रकाठी एक कारखाना उभा राहत होता, तिथल्या वर्कशॉपमध्ये मी लेथवर होतो. पत्र्याच्या खोल्यांचा कँप, एका खोलीत दोघं. माझ्या खोलीत सोलापूरकडचा एक वेल्डर होता. तोंडाने फटकळ, पण दुखलंखुपलं तर आधी धावणारा. त्याच्याकडे लहानसा टेपरेकॉर्डर होता. तिथली माणसं घरी पत्रं लिहीत तशा कॅसेटीही पाठवत. सुट्टीवर जाणाऱ्याच्या हाती कॅसेट द्यायची, एका बाजूला आपण बोलायचं आणि दुसरी बाजू उत्तरासाठी कोरी ठेवायची. घरच्यांनी तिच्यावर बोलून ती परत धाडायची. दर आठवड्याला कुणीतरी आपल्या खाटेवर पांघरूण डोक्यावर घेऊन कॅसेट ऐकत पडलेला असायचा आणि बाकीचे मुद्दाम मोठ्याने गप्पा मारायचे.

पहिलं वर्ष सरता सरता एका गुरुवारी बायकोचं पत्र आलं. बायकोच्या पत्राची एक पद्धत होती. वर मधोमध दोन उभ्या दांड्यांमध्ये श्री, त्याखाली सप्रेम नमस्कार, मग मजकूर. या पत्रावर श्री नव्हता. एकदम नमस्कारापासून सुरुवात.

आपल्याकडे श्री कधी लिहीत नाहीत हे मराठी माणसाला सांगायला नको. घरात सुतक असलं, मृत्यूची बातमी कळवायची असली, की कागदाचा माथा कोरा ठेवतात. मला ते दिसलं. दिसलं नाही असं म्हणून सुटका करून घेता येणार नाही. मी पत्र उलटसुलट करून पाहिलं. वाईट बातमीच्या पत्राचा कोपरा फाडलेला असतो, याचे चारही कोपरे शाबूत होते. मजकूर वाचला. मुलगी आता वाक्यं बोलते, पाणी एक वेळ येतं, आणि "मामंजींचा खोकला आता थांबला आहे." आप्पांना दगडाच्या धुळीने कित्येक वर्षं खोकला होता. वाचून मला बरं वाटलं. म्हटलं, घाईत लिहिलं असेल, पोरगी पायात घोटाळत असेल, श्री राहून गेला. हजारावा भाग चुकला तर जॉब भंगारात टाकणारा मी, तो जॉब मी पास केला आणि खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, सुट्टी. कँपची बस आम्हाला एक जुनं शहर दाखवायला घेऊन गेली. दोन-सव्वादोन तासांचा रस्ता. वेल्डर म्हणत होता, "डोंगरात कोरलेलं गाव हाय म्हणं राव, दोन हजार वर्षांचं. आपल्या वेरूळाची काय बरोबरी करतंय बघू की." मी निघालो होतो ते निव्वळ आप्पांच्या प्रश्नाचं उत्तर न्यायला. वाळू आहे म्हणून सांगून आलो होतो आणि इथे आल्यापासून चहूकडे डोंगरच डोंगर दिसत होते.

बस थांबते तिथून पुढे पायी जावं लागतं. आधी एक घळ लागते. दोन्ही बाजूंना इतके उंच कडे की आभाळाची नुसती चिंधी दिसते, आणि काही जागी तर दोन माणसं हात पसरून उभी राहिली तर रस्ता अडेल. कड्याच्या अंगाला कमरेएवढ्या उंचीवर पाण्याचा पाट कोरत नेला होता. बरोबरचे लोक वर बघत होते, मी पाटाच्या उताराकडे बघत होतो. मैलभर तो एका उतारात चालला होता. त्यात पाणी मात्र नव्हतं, बकऱ्यांच्या लेंड्या होत्या.

घळ संपते आणि समोर एकदम एक महाल उभा राहतो. खांब, कमानी, वर कलशासारखं काहीतरी, आणि सगळं एकाच कड्यातून काढलेलं. दगड गुलाबी, कुठे विटकरी, कुठे कापलेल्या मांसासारखा. सगळे आहाहा करत होते. मला आहाहा झालं नाही. मला भीती वाटली. एवढं मोठं दार आणि आत नुसती रिकामी चौकोनी खोली. कुणी देव नाही, दिवा नाही, पणतीच्या काजळीचा डागही नाही. पुढे गेलो तर डोंगरच्या डोंगर असे कोरलेले, शेकडो दारं, आणि बहुतेक सगळी थडगी. म्हणजे जिवंत माणसांनी पोटाला चिमटा काढून मेलेल्यांसाठी घरं बांधली, आणि आता जिवंतही नाहीत आणि मेलेलेही नाहीत. काही गुहांमध्ये तिथले धनगर राहत होते. एका थडग्याच्या दारात एक म्हातारी जात्यावर काहीतरी भरडत होती. जातं पार गुळगुळीत झालेलं. आप्पा असते तर पिशवी उतरवून तिथेच बसले असते. मला तिची भाषा येत नव्हती आणि टाकीही धरता येत नव्हती, म्हणून मी नुसता हात जोडून पुढे गेलो.

आणि मग त्या भिंतीवर मला रेघा दिसल्या.

दुपारचं ऊन तिरपं पडलं होतं आणि एका थडग्याच्या आतल्या भिंतीवर टाकीच्या रेघा उठून दिसत होत्या. तिरप्या. एकामागे एक, वरून खाली, सगळ्या एकाच बाजूला कललेल्या. मी हात लावला. माझ्या घरच्या पाट्यावर हात फिरवावा तसंच लागलं. खिशात स्टीलची पट्टी होती, ती लावून मी रेघांमधलं अंतर मोजू लागलो. एकही अंतर दुसऱ्याशी जुळत नव्हतं, पण लांबून बघितलं की सगळं सारखं दिसत होतं. आप्पांचंही तसंच. पट्टी खाली ठेवली आणि मला रडू आलं. दोन हजार वर्षं कुणा परक्या पाथरवटाची रेघ जशीच्या तशी राहिली होती, आणि माझ्या बापाची रेघ दर वर्षी आमच्या चटणीत जात होती. ती जाण्यासाठीच होती म्हणा. पण ती कुणी मारली हे विचारायलाही आम्ही तयार नव्हतो.

थोडं पुढे एक अर्धवट राहिलेलं थडगं होतं. उघड्या कड्याच्या मधोमध वरचा भाग कोरून झालेला, सुबक. खाली मात्र ओबडधोबड डोंगर तसाच. काम वरून खाली येत होतं आणि मधेच थांबलं. का थांबलं कुणास ठाऊक, करवून घेणारा मेला असेल. वेरूळही वरूनच खाली कोरलं हे आपल्याकडे पोरंही सांगतात, पण तिथे डोंगराच्या माथ्यावर उभं राहता येतं. हा होता सरळ उभा कडा. त्याच्या मधोमध पहिला घाव घालणारा माणूस उभा कुठे राहिला? मला ते सुचेना. आणि एकदम वाटलं, हे आप्पांना ठाऊक असेल.

मी वेल्डरकडे त्याचा टेपरेकॉर्डर मागितला. तो बसमध्ये गाणी ऐकायला घेऊन आला होता. कोरी कॅसेट त्याच्याकडे होती, तीही दिली. "बायकोला व्हय?" त्याने विचारलं. मी म्हणालो, "वडिलांना." तो लांब जाऊन सावलीत बसला. पुढच्या आठवड्यात तो महिन्याच्या सुट्टीवर घरी जाणार होता. कॅसेट तो स्वतः नेऊन देणार होता, आणि ती वाजवायला बायकोसाठी मी घेतलेला टेपरेकॉर्डरही.

त्या अर्धवट थडग्यासमोर बसून मी लाल बटण दाबलं. आप्पांशी मी आयुष्यात सलग एवढं कधी बोललो नव्हतो. म्हटलं, आप्पा, मी चुकलो, इथे दगड आहे. मऊ आहे, नखाने भुगा निघतो, आपल्या काळ्या दगडासारखा नाही. पण टाकी तुमच्यासारखी तिरपी आहे. रेघा किती लांब, घाव किती खोल, पाण्याचा पाट कसा काढलाय, सगळं सांगितलं. मग तो प्रश्न विचारला, पहिला माणूस उभा कुठे राहिला. बोलता बोलता टेप संपत आली. तेव्हा मी म्हणालो, "आप्पा, त्या रविवारी मी तुम्हाला टाकीवाले म्हणालो. साहेबांसमोर मला लाज वाटली. सात वर्षं मी ते घेऊन फिरतोय. मला माफ करा. दुसरी बाजू कोरी ठेवली आहे, तिच्यावर काहीतरी बोला. शिव्या द्या, पण बोला." खिशातलं पत्र बसल्याजागी पोटाला टोचत होतं.

वेल्डर गेला आणि महिन्याने परत आला. येताना त्याने शेंगदाण्याच्या चटणीचा डबा आणि बायकोचं पत्र आणलं. मी विचारलं, "आप्पा भेटले?" तो ट्रंक उघडत होता. ट्रंकेत डोकं घालूनच म्हणाला, "वहिनींनी ऐकवली म्हणाल्या. म्हातारं खूश झालं म्हणं."

"आणि दुसरी बाजू?"

"यंत्रापुढं बोलायला लाजलं म्हणं. वहिनींनी पत्रात लिवलंय की सगळं." त्या रात्री तो जेवला नाही, प्रवासाने पोट बिघडलंय म्हणाला. फटकळ माणूस इतका गप्प का, हा प्रश्न मला पडायला हवा होता.

पत्रावर श्री होता. मजकुरात आप्पांचं बोलणं तिने त्यांच्याच भाषेत उतरवलं होतं. पहिला माणूस वरनं दोराला लोंबकळत आला. कड्यात त्याने चार बोटं खोबण मारली, मग वीतभर, मग पाय ठरण्याजोगी. तिथे उभं राहून वरचं काम धरलं. वरचं झालं की पायाखालचा दगड तोडत खाली यायचं. "परांची बांदावी लागत न्हाई. न फोडलेला दगूड हीच परांची. ज्याच्यावर हुबं ऱ्हायलं त्येच फोडायचं." मी डोळे मिटले आणि ते थडगं आठवलं. कोरीव भाग संपतो तिथे खरंच पाय ठेवण्यापुरता एक कंगोरा पुढे आलेला होता. कुणीतरी शेवटचा तिथे उभा होता.

आणि खाली लिहिलं होतं, "त्या रविवारचं मामंजींनी ऐकलं. म्हणाले, लेकरू हाय, चुकलं. म्या कवाच इसरलो. त्येला म्हनावं जिवाला लावून घिऊ नगं."

ते पत्र मी किती वेळा वाचलं याला गणती नाही. उरलेलं वर्ष मी हलक्या अंगाने काढलं. लेथवर उभा असताना गुणगुणायचो. वेल्डरला दोनदा सांगितलं, माझ्या बापाने मला माफ केलं. दोन्ही वेळा तो म्हणाला, "चांगलं झालं राव," आणि चष्मा चढवून कामाला लागला.

परतलो तेव्हा सकाळची वेळ होती. बायको दारात आली, माझ्यावरून तुकडा ओवाळून टाकला, आणि मी आत पाऊल टाकलं तर समोरच्या भिंतीवर आप्पांचा फोटो होता, त्याला चंदनाचा हार. मला वाटलं, आताच, दोन-चार दिवसांत. मी म्हणालो, "केव्हा?"

तिने सांगितलं. मी मनातल्या मनात दिवस मोजले. श्री नसलेलं पत्र तिने सुतकात, पाचव्या दिवशी लिहिलं होतं. ते माझ्या हाती पडून मी त्या दगडी शहरात गेलो, तोवर आप्पांचं तेरावंही झालं होतं.

मी ओरडलो. इतका ओरडलो की मुलगी शेजारी पळाली. "मला का नाही कळवलं? मी परका आहे?"

"मामंजीच म्हणाले होते," ती म्हणाली. "सहा दिवस आजारी होते. म्हणाले, पोराला मधनं बोलवू नगंस, त्येचं काम जाईल. मी शब्द दिला." मग म्हणाली, "तरी मी श्री लिहिला नाही. खोटं लिहायचं म्हटलं तरी हात उठेना. खोकला थांबला एवढंच लिहिलं. मला वाटलं, तुम्हाला कळेल. तार येईल तुमची, म्हणून वाट बघत होते."

मी खाली बसलो. मला दिसलं होतं. मी पास केलं होतं.

"मडकं कुणी धरलं?" मी एकुलता एक मुलगा.

"काकांनी. चाकणच्या रस्त्याच्या."

बऱ्याच वेळाने माझ्या डोक्यात ते आलं. आप्पा जर आधीच गेले होते, तर खोबणीचं आणि परांचीचं उत्तर कुणाचं? तिने कपाट उघडलं, साड्यांच्या खालून कॅसेट काढली, टेपरेकॉर्डर माझ्यासमोर ठेवला आणि दुसरी बाजू लावून दिली. "ही तुम्हाला पाठवायचीच म्हणून भरून आणली होती," ती म्हणाली. "मग वाटलं, आवाज ओळखाल आणि मामंजींना दिलेला शब्द मोडेल." आणि ती स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली, त्या रविवारी उभी होती तिथेच.

आधी हातोडीचे ठोके ऐकू आले. मग काकांचा आवाज. दोराचं, खोबणीचं, पायाखालच्या दगडाचं सगळं त्यांनी सावकाश सांगितलं, मधे मधे ठोके मारत. "न फोडलेला दगूड हीच परांची. ल्हिलंस?"

"हो," बायकोचा आवाज.

"पोराला कळवलं न्हाईस अजून?"

"मामंजी नको म्हणाले होते."

काही वेळ नुसते ठोके. मग बायकोचा आवाज, आधीपेक्षा बारीक. "आणि ते शेवटचं? माफीचं विचारलंय, त्याचं काय लिहू?"

ठोके थांबले.

"मडकं म्या धरलं, पोरी. आग म्या दिली. कुणीतरी द्यायाच लागती. दगडाचं इचारलं, त्येबी सांगितलं, त्यो असता तर ह्येच सांगता. पर ह्ये न्हाई. ह्ये त्येच्या बाचं हाय. त्यो न्हाई, तर न्हाई."

"मग मी काय लिहू?"

"त्ये तुजं तू बग."

ठोके पुन्हा सुरू झाले, खट्कन आवाज आला आणि पुढे नुसती खरखर. मी बटण दाबलं नाही. टेप रिकामीच फिरत राहिली.

"चार दिवस कागद पुढ्यात घेऊन बसले होते," बायको दारातून म्हणाली. "मग लिहिलं." ती पदराला हात पुसत होती, हात कोरडेच होते. "मामंजींसारखं जमलं होतं का?"

"जमलं होतं," मी म्हणालो.